फॉर्म सोळा नसलेल्या मुलीस

चिरंजीव म्हणावं तर तू तिशीला टेकलीस, डॉक्टर म्हणावं तर व्हायव्हा अजून बाकी, आणि मॅडम तुला फक्त बिल्डरच्या सेल्स ऑफिसातला मुलगा म्हणतो. तेव्हा मायन्याचा घोळ सोडतो आणि मुद्द्यावर येतो.

तुझं नाव मला ठाऊक नाही. पण रविवारी सकाळी रावेतच्या मुकाई चौकाकडे भाजीला गेलो की तू हमखास दिसतेस. पाठीवर लॅपटॉपची सॅक, हातात ब्रोशर, कानाला फोन. फोनवर तू लॅबमधल्या ज्युनियरला बजावत असतेस, मीडियम मी दुपारी येऊन बदलते, तोवर इन्क्युबेटरला हात लावू नकोस. समोरचा मुलगा सांगत असतो, मॅडम, सातव्याच्या वर फ्लोअर राइज वेगळा. कधी तुझ्याबरोबर नवरा असतो, कधी गावाहून आलेले वडील, कधी तूच मुलगा असतोस. पत्र तुम्हा सगळ्यांना आहे; लिहायच्या सोयीसाठी एकीला उद्देशून लिहितो.

माझी ओळख अशी. पुण्यातल्या एका संशोधन संस्थेच्या लेखा विभागात माझी नोकरी झाली. शास्त्रज्ञ मी नव्हे. पण पगारबिलं, फेलोशिपची बिलं, बँकेला द्यायचे दाखले, सगळं माझ्या टेबलावरून जायचं. शास्त्रज्ञांच्या आयुष्याची जी बाजू त्यांच्या शोधनिबंधांत कधी येत नाही, ती मला पाठ आहे. निवृत्तीनंतर रावेतला राहतो. न मागता सल्ला द्यायचं वय झालं आहे, म्हणून हे लिहितो आहे.

रावेतच का, हे तुला विचारायला नको. तुझी लॅब पाषाणला आहे किंवा गणेशखिंडीत. एनसीएल, आयसर, हवामानवाल्यांची आयआयटीएम एका बाजूला. विद्यापीठाच्या आवारात आयुका, एनसीआरए आणि पेशी विज्ञान केंद्र. संस्थेच्या फाटकापासून सुरुवात करून तू बाणेर बघितलंस, औंध बघितलंस, बालेवाडी बघितलीस, आणि प्रत्येक ठिकाणी आकडा ऐकून बायपासने थोडी पुढे सरकलीस. वाकड, पुनावळे, मग रावेत. यापुढे किवळे, आणि तिथून द्रुतगती मार्ग थेट मुंबईकडे जातो. म्हणजे रावेत हे पुण्यातल्या संशोधकाचं शेवटचं स्टेशन. 1997 साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत जी अठरा गावं आली त्यातलं हे एक. तोवर पवनेकाठचं शेतीचं गाव. 2015 पासून सांगवी–किवळे बीआरटीची बस इथून औंधकडे जाते, त्यामुळे गाडी नसली तरी लॅब गाठता येते. रात्री अकराला जेल रन संपवून परत येणं हा वेगळा विषय, त्यावर पुढे लिहीन.

इथे तुझ्या शेजारी कोण असेल तेही सांगतो. टाटा मोटर्सच्या इंजिनिअरिंग रिसर्च सेंटरमधला, आकुर्डीच्या बजाजच्या आर अँड डीमधला, चाकणच्या एखाद्या जर्मन कंपनीच्या टेस्ट बेंचवरचा. तोही संशोधनच करतो. फरक एवढाच की महिनाअखेरीस त्याला सॅलरी स्लिप मिळते आणि जूनमध्ये फॉर्म सोळा, म्हणजे पगाराचा आणि त्यातून कापलेल्या कराचा दाखला. एकाच मजल्यावरच्या दोन दारांमधलं सगळं अंतर त्या एका कागदात आहे.

बँकेत काय होतं ते मी इतक्या जणांकडून ऐकलं आहे की संवाद तोंडपाठ झाला आहे. सॅलरी स्लिप? नाही, फेलोशिप सर्टिफिकेट आहे. फॉर्म सोळा? मिळत नाही. रिटर्न? भरलेत, पण त्यात करपात्र उत्पन्न शून्य. कायम नोकरी? पाच वर्षांची आहे, साडेतीन झाली. इथे बँकेचा माणूस चष्मा काढतो. त्याचं चुकत नाही. त्याला वीस वर्षांचं कर्ज द्यायचंय आणि तुझ्या उत्पन्नाला अठरा महिन्यांचं आयुष्य आहे. आयकराच्या दृष्टीने तुझी फेलोशिप ही शिष्यवृत्ती, म्हणून तिच्यावर कर नाही. ही सवलत वाटते खरी, पण घर घ्यायला निघालं की तीच अंगावर येते: कर नाही म्हणून टीडीएस नाही, टीडीएस नाही म्हणून फॉर्म सोळा नाही, फॉर्म नाही म्हणून कर्ज नाही. आणि मिळालंच कर्ज, तर व्याजावरची कर-सवलत तुला निरुपयोगी, कारण मुळात कर भरायचाच नाहीये. सरकारने घर घेणाऱ्याला जे उत्तेजन दिलंय ते पगारदाराचं माप घेऊन शिवलेलं आहे.

मग दाखल्यासाठी तू लेखा विभागात यायचीस. तुझ्यासारखी कुणी तरी यायचीच. मी दाखला द्यायचो: सदर विद्यार्थिनीस दरमहा इतकी फेलोशिप मिळते, मुदत अमुक तारखेपर्यंत. ती तारीख लिहू नका ना, असं एकीने विनवलं होतं. तारीख न लिहिता दाखला देता येत नाही. शेवटी वडील सहअर्जदार व्हायचे. सोलापूर किंवा जळगावकडचे, दोन-चार वर्षांत निवृत्त होणारे शिक्षक किंवा एसटीतले. त्यांच्या वयामुळे मुदत आखूड, मुदत आखूड म्हणून हप्ता जड.

आता हिशेब मांडू, तेवढंच मला येतं. जानेवारी 2023 पासून जेआरएफ, म्हणजे ज्युनियर फेलोशिप, महिना 37,000 आणि एसआरएफ, म्हणजे सीनियर, 42,000. दोन वर्षं पहिली, तीन वर्षं दुसरी. घरभाडे भत्ता बाजूला ठेवला तर पाच वर्षांची सगळी फेलोशिप मिळून होतात बरोबर 24 लाख रुपये. आता समजा, रावेतमध्ये 70 लाखांचा टू बीएचके आहे, इमारत अजून चालू आहे. या रकमेच्या कर्जाला रिझर्व्ह बँकेच्या नियमाने बँक 80 टक्क्यांपर्यंतच देते, म्हणजे 14 लाख तुझे. साठेखत एकट्या बाईच्या नावावर केलंस तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट, तरी सहा टक्क्यांनी 4 लाख 20 हजार. नोंदणी फी 30,000. ताबा मिळायच्या आधीचं घर, म्हणून पाच टक्के जीएसटी, साडेतीन लाख. बेरीज 22 लाख. पाच वर्षांत न खाता, न पिता, मेसचं बिल न भरता तू जे कमावतेस, त्यातले दोन लाख वगळता सगळं घराचं दार उघडण्याआधीच संपतं. पुढे 56 लाखांचा हप्ता, साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षं धरला तर महिना सुमारे 48,600. पीएच.डी. नंतर रिसर्च असोसिएटची सुरुवात 58,000 पासून होते. उरलेल्या सुमारे 9,400 रुपयांत तू जगायचं, आणि तेही दरमहा वेळेवर आले तर. फेलोशिप वेळेवर येत नाही हे तुला मी सांगायला नको. अनुदानाचा हप्ता वरून आला नाही, उपयोगिता प्रमाणपत्र अडकलं, मार्चअखेर आला. आमच्या फायलींत यातल्या प्रत्येक विलंबाला चांगलं कारण असायचं. बँकेच्या ईसीएसला यातलं एकही कारण समजत नाही.

कुणी म्हणेल, गरिबांसाठीच्या योजना आहेत की. आहेत. पिंपरी-चिंचवड महापालिकेने प्रधानमंत्री आवास योजनेत चऱ्होली, बोऱ्हाडेवाडी आणि रावेत इथल्या 3,664 घरांची सोडत 2021 मध्ये काढली. त्यातली 934 रावेतची. अट होती कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 3 लाखांच्या आत असण्याची. तेव्हा जेआरएफ होती 31,000, म्हणजे वर्षाला 3 लाख 72 हजार. योजनेच्या लेखी तू सधन, बँकेच्या लेखी निर्धन. (रावेतचा तो प्रकल्प पुढे जागेच्या वादात न्यायालयात अडकून पडला, त्यामुळे तू फार काही गमावलं नाहीस.)

एवढ्यावर तू मला विचारशील, काका, मग आधीच्या शास्त्रज्ञांनी घरं घेतली कशी? उत्तर सोपं आहे. त्यांनी घेतली नाहीत. त्यांना मिळाली.

रावेतहून पिंपरीला गेलं की हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचं आवार लागतं. 1954 साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने उभी राहिलेली, सार्वजनिक क्षेत्रातली देशातली पहिली औषध कंपनी. या पट्ट्यात मोटारी यायच्या आधी पेनिसिलिन आलं. तिथल्या संशोधन विभागात एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1961 च्या सुमारास बुरशीवर चालणारं एक प्रतिजैविक शोधलं. कंपनीच्या आद्याक्षरांवरून त्याचं नाव ठेवलं हमायसिन. ज्या सूक्ष्मजीवापासून ते मिळालं त्याला म्हणतात स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. सूक्ष्मजीवशास्त्राच्या पुस्तकांत आपल्या पिंपरीचं नाव असं कोरलं गेलं. हे करणारी माणसं संध्याकाळी घरी कुठे जात होती? कंपनीच्या भिंतीलगत एच. ए. कॉलनी होती, शाळेसकट आणि मैदानासकट. मातीचे नमुने वर्षानुवर्षं चाळत बसायचं, त्यातल्या शेकड्यांमधून काहीच निघणार नाही हे माहीत असताना बसायचं, याला बुद्धी लागते, चिकाटी लागते, आणि महिन्याच्या पाच तारखेला कुणी दारात उभं राहणार नाही याची खात्रीही लागते. ही तिसरी गोष्ट कुणी शोधनिबंधाच्या आभारांत लिहीत नाही.

पाषाणला एनसीएलची कॉलनी झाली ती याच विचारातून. आयुकाने विद्यापीठाच्या आवारात स्वतःची वसाहत बांधली, तिचं नाव आकाशगंगा. मुंबईत टीआयएफआरने कुलाब्याला बांधली. देश गरीब असताना संस्थांना हे कळत होतं की प्रयोगशाळा बांधायची तर राहती घरंही त्याच आराखड्यात धरावी लागतात. आता संस्थेत माणसं वाढली, क्वार्टर्स होती तेवढीच राहिली, आणि संशोधनाचा बराचसा भार ज्यांच्यावर आहे ते फेलो आणि प्रोजेक्टवाले त्या यादीत मुळातच नाहीत. त्यांना हॉस्टेलची खोली, आणि ती नसेल तर भत्ता. केंद्राच्या कायम कर्मचाऱ्याला घरबांधणी अग्रिम मिळतो, 2017 च्या नियमांनी 25 लाखांपर्यंत. तुला तोही नाही. एकेकाळी संस्थेच्या अंदाजपत्रकातला जो खर्च होता, तो कुणी जाहीर न करता तुझ्या डोक्यावर आला, आणि तू समजतेस की ही तुझी खासगी अडचण आहे. रविवारी सॅम्पल फ्लॅट बघताना तुला जी लाज वाटते ना, इतकी शिकले आणि चौदा लाख नाहीत म्हणून, ती मुळात तुझी नव्हे. पीएच.डी. करून काय दिवे लावणार असा सवाल 2023 च्या डिसेंबरात आपल्याच विधान परिषदेत झाला होता. दिवे पुष्कळ लागतील. ते लावणाऱ्याने रात्री राहायचं कुठे, एवढं तरी तिथे कुणी विचारायला हवं होतं.

कॉलनीचे मी उगाच गोडवे गात नाही. त्यातही गोम होती. साठाव्या वर्षी क्वार्टर सोडावं लागे, आणि तीस-तीस वर्षं झाडांच्या सावलीत राहिलेला माणूस अचानक रस्त्यावर आल्यासारखा गोंधळायचा. ग्रॅच्युइटी, फंड, रजेचे पैसे, सगळं एका फ्लॅटमध्ये घालणारे किती तरी चेक मी लिहिले आहेत. पण त्यांची पंचाईत साठीला झाली. तुझी तिशीला होते आहे, तुझ्या डोक्यात सगळ्यात चांगल्या कल्पना येण्याच्या वयात.

आणि घर मिळालं म्हणजे प्रश्न सुटला असंही नाही, विशेषतः बाईचा. मंगला नारळीकरांचं उदाहरण घे. मुंबई विद्यापीठाची सुवर्णपदक विजेती, 1964 पासून टीआयएफआरमध्ये गणितात काम. 1966 मध्ये लग्न, मग केंब्रिज, मग परत मुंबई, तीन मुली, सासू-सासरे. पीएच.डी. झाली 1981 मध्ये, संख्या-सिद्धान्तात. टीआयएफआरची वसाहत होती, छपराची चिंता नव्हती, नवरा जगप्रसिद्ध शास्त्रज्ञ होता, तरी मधली पंधरा वर्षं गेली. भारतीय विज्ञान अकादमीने 2008 साली स्त्री-शास्त्रज्ञांवर काढलेल्या ‘लीलावतीज डॉटर्स’ या संग्रहात त्यांनी स्वतःच लिहिलंय की त्यांच्या पिढीतल्या शिकलेल्या अनेक बायकांप्रमाणे घरच्या जबाबदाऱ्या आधी आल्या. तक्रारीचा सूर न लावता लिहिलंय, म्हणून वाचताना जास्त लागतं. तेव्हा घर घेताना किती चौरस फूट हे विचारशीलच. ते घर चालवणार कोण हेही नवऱ्याला आत्ताच विचार. सूट मिळते म्हणून साठेखत तुझ्या एकटीच्या नावावर होईल. बँक त्याला सहकर्जदार करून घेईल, त्याला मालकी लागत नाही. मात्र गॅसवाला, प्लंबर आणि सोसायटीची मीटिंग हे सगळं मालकीणबाईंच्या नावावर आपोआप चढणार नाही, याची तजवीज कुठल्याही दस्तात नसते.

आता जे सांगायला बसलो ते सांगतो. मला हप्त्याच्या रकमेची तितकी भीती नाही. पैसा माणूस उभा करतो. वडिलांचा प्लॉट विकतो, दागिने ठेवतो, शिकवण्या घेतो. मला भीती आहे ती ही, की हप्ता तुझा विषय निवडायला लागतो. हे हळू होतं आणि कुणाच्या लक्षात येत नाही. परदेशातल्या चांगल्या प्रयोगशाळेतून पोस्टडॉकचं बोलावणं येतं आणि त्याच महिन्यात ताबा असतो. मग आईची तब्येत हे कारण सांगून नकार जातो. पाच वर्षं लागतील असा अवघड प्रश्न टेबलावर असतो, आणि तू दीड वर्षात निबंध देईल असा सोपा उचलतेस, कारण फेलोशिपचं नूतनीकरण त्यावर आहे आणि हप्ता नूतनीकरणावर. गाइडशी पटत नाही, लॅब बदलायला हवी, पण मधले तीन महिने बिनपगारी काढणं परवडत नाही, म्हणून पटवून घेतेस. शेवटी हिंजवडीतून फोन येतो. त्या नोकरीत वाईट काही नाही, माझा मुलगा तेच करतो. पण तू तिथे गेलीस ती तिथलं काम आवडलं म्हणून की फॉर्म सोळासाठी, हे राजीनाम्याच्या पत्रावर कधी लिहिलेलं नसतं. मी ती पत्रं वाचली आहेत. सगळ्यांत ‘वैयक्तिक कारणास्तव’ असतं.

म्हणून माझं मत रोखठोक आहे: फेलोशिपवर असताना चालू इमारतीतलं घर घेऊ नकोस. कितीही स्वस्त वाटलं तरी. चालू इमारतीत स्लॅब पडेल तसे पैसे जातात, ताबा मिळेपर्यंत तू राहत्या खोलीचं भाडं भरतेस आणि वर कर्जाचं व्याजही. इमारतीची तारीख पुढे जाते. थिसिसची तारीखही पुढे जाते. दोन पुढे जाणाऱ्या तारखांवर एका आयुष्याचं वेळापत्रक कसं बसवणार? रेरा कायद्याने बरंच सुधारलंय, नाही म्हणत नाही. 1 मे 2017 पासून महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाची प्रगती, मुदतवाढी, खटले सगळं दिसतं. नोंदणीकृत साठेखताआधी दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. उशीर झाला तर व्याज मागता येतं. पण मागता येतं आणि मिळतं यांच्यामध्ये तारखा आहेत, आणि त्या तारखांना तुला लॅबमधून सुट्टी काढून जावं लागेल. पूर्णत्वाचा दाखला मिळालेलं तयार घर थोडं महाग पडतं, पण त्यावर जीएसटी नाही, आणि भाडं त्याच महिन्यात थांबतं. दहा वर्षं जुन्या सोसायटीतलं रिसेलचं घर तर मला सगळ्यात शहाणपणाचं वाटतं, सॅम्पल फ्लॅटसारखं चकचकीत नसलं तरी. सोसायटीच्या नावे जमिनीचं अभिहस्तांतरण झालंय का, तेवढं मात्र आधी बघ.

आत्ता घेतलं नाही तर पुन्हा कधीच नाही, असं तो सेल्सचा मुलगा तुला सांगतो. रावेतचे भाव वाढले आहेत, वाढतीलही, ते खोटं नाही. पण त्याच्या आकडेमोडीत तुझा एकच आकडा स्थिर धरलाय, तो म्हणजे तुझं उत्पन्न. सीएसआयआरमध्ये सायंटिस्ट म्हणून लागलीस तर मूळ वेतनाची सुरुवात 67,700 पासून, त्यावर महागाई भत्ता आणि घरभाडं. इन्स्पायर फॅकल्टी फेलोशिप मिळाली तर महिना सव्वा लाख, जरी तीही पाच वर्षांचीच. पस्तिशीला कायम झालीस तरी साठीपर्यंत पंचवीस वर्षं आहेत, आणि तेवढ्या मुदतीचं कर्ज त्या दिवशी बँक स्वतः फोन करून देते. तोच माणूस, ज्याने चष्मा काढला होता. तोवर अकरा महिन्यांच्या करारावर रहा. भाडं म्हणजे पाण्यात गेलेला पैसा, असं घरातली वडीलधारी माणसं म्हणतील. त्यांच्या काळी ते खरं असेल. तुझ्यासाठी भाडं ही सामान उचलून कुठेही जाता येण्याची किंमत आहे, आणि संशोधकाला ती जागा बदलण्याची मोकळीक पगाराइतकीच लागते.

हे सगळ्यांना लागू नाही, कबूल. नवरा चाकणला कायम नोकरीत असेल, हप्ता त्याच्या एकट्याच्या पगारात बसत असेल, तर आजच घे. घरून भक्कम आधार असेल तर घे. कसोटी एकच ठेव: तुझी फेलोशिप उद्यापासून सहा महिने बंद झाली तर हप्ता चुकतो का? चुकत असेल तर थांब.

आणि घ्यायचंच ठरलं तर इथलीच दोन कामं आधी कर. महापालिकेच्या विकास आराखड्यावर पवनेच्या पूररेषा बघ. निळी रेषा म्हणजे सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा पाणी पोचेल ती, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा. हे ऐकून लोक निर्धास्त होतात. तू गणित कर: वीस वर्षांच्या कर्जाच्या काळात निळ्या रेषेपर्यंत एकदा तरी पाणी येण्याची शक्यता निम्म्याहून जास्त निघते, लाल रेषेपर्यंत सुमारे 18 टक्के. निळीच्या आत बांधकामाला बंदीच आहे, पण दोन रेषांच्या मधल्या पट्ट्यातली ‘रिव्हर व्ह्यू’ बाल्कनी घेताना हा आकडा डोक्यात असू दे.

दुसरं काम पाण्याचंच: नळाला ते कुठून आणि किती येतं याची चौकशी कर. अख्ख्या पिंपरी-चिंचवडचं पाणी बहुतांशी आपल्या रावेतच्या बंधाऱ्यातून उचललं जातं. पवना धरणातून नदीत सोडतात, इथे पंपाने घेऊन निगडीला शुद्ध करतात. धरणातून थेट बंद नळाने आणायचा घाट घातला, तर मावळातल्या शेतकऱ्यांनी विरोध केला आणि 9 ऑगस्ट 2011 ला बऊरला द्रुतगती मार्गावर गोळीबारात तिघे गेले. तुझ्या नळाच्या पाण्यामागे एवढं घडलेलं आहे. आणि इतकं होऊन 2019 च्या नोव्हेंबरपासून शहराला पाणी दिवसाआड मिळू लागलं. बंधाऱ्याला खेटून राहणाऱ्या आम्ही रावेतकरांनी टँकरच्या रांगा बघितल्या आहेत. ब्रोशरमधल्या स्विमिंग पूलच्या चित्राकडे याच नजरेने बघत जा.

रात्री परतण्याचं म्हणालो होतो. एखाद्या आठवड्यात, घर बुक करायच्या आधी, लॅबमधून तुझ्या नेहमीच्या उशिराच्या वेळी निघ आणि त्या इमारतीच्या फाटकापर्यंत बसने ये. रविवारी सकाळी रिकाम्या बायपासने आलेली वीस मिनिटं हिशेबात धरू नकोस. नारायणगावजवळ खोडदच्या जीएमआरटी रेडिओ दुर्बिणीवर निरीक्षणाला जावं लागत असेल तर मोशी आणि चाकणमधून एकदा शुक्रवारी संध्याकाळी जाऊन बघ. चाकणच्या चौकात बसल्या बसल्या एक प्रकरण लिहून होईल, लॅपटॉप चार्ज करून ठेव.

तुझ्या संचालकांनाही दोन ओळी लिहाव्या म्हणतो, ते वाचतील की नाही ठाऊक नाही. नवी इमारत मंजूर होते तेव्हा तिच्याबरोबर पन्नास खोल्यांचं ट्रान्झिट हाउसिंग मागा. फेलोशिप महिन्याच्या एक तारखेला जमा करा. वरून अनुदान उशिरा आलं तर संस्थेच्या निधीतून आगाऊ द्या आणि मग समायोजन करा. हे करता येतं. लेखा विभागातला माणूस हे करता येत नाही म्हणाला तर त्याला माझ्याकडे पाठवा.

तुझा,
रावेतचा एक निवृत्त हिशेबनीस

ता. क. घर पक्कं करण्याआधी त्या सोसायटीची गेल्या एप्रिल-मेची टँकरची बिलं माग. बिल्डर देणार नाही. सेक्रेटरीकडे जा आणि चहाला बस, तो फाइलच काढून दाखवील.